केरूची डावी बाजू

केरूच्या डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग पश्चिम सरहद्दीवरच्या एका गव्हाच्या शेतात राहिला होता. एकाहत्तरची लढाई संपली होती, तोफा गप्प झाल्या होत्या आणि त्याची इंजिनिअर कंपनी शत्रूने पेरून ठेवलेले सुरुंग काढत होती. तपासून झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फिती बांधलेल्या असत. त्या फितींच्या आतच चालायचं, एवढा एकच नियम. त्या सकाळी धुकं दाट होतं आणि केरूचा पाय फितीच्या पलीकडे पडला.

त्याला उचलायला जो आत शिरला त्याचं नाव जालिंदर. सांगलीकडचा गडी. कंपनीच्या फुटबॉल संघात जालिंदर सेंटर फॉरवर्ड आणि केरू डाव्या बगलेचा फॉरवर्ड. केरूने डावीकडून बॉल आणून द्यायचा आणि जालिंदरने गोल मारायचा, असं त्यांचं खडकीच्या मैदानावर तीन वर्षं चाललं होतं. त्या दिवशी जालिंदरने स्वतःच्याच बुटांच्या ठशांवर एकेक पाऊल ठेवत केरूला पाठीवरून बाहेर आणलं. दवाखान्याच्या गाडीत केरूला चढवताना तो एवढंच म्हणाला, "डोळं मिटू नगंस." त्यानंतर दोघांची गाठ पडली नाही.

पेन्शन घेऊन केरू फलटणजवळच्या आपल्या गावी आला. साखर कारखान्यात त्याला वॉचमनची नोकरी मिळाली. चालताना तो थोडा लंगडायचा, पण बुटाच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबल्या की बघणाऱ्याला फारसं कळत नसे. लोकांना वाटे, कधीतरी पाय मुरगळला असेल. बायको अंजना रोज संध्याकाळी त्याचा पाय कोमट पाण्याने धुवायची आणि खोबरेल लावायची. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. लष्करी डॉक्टरांनी बजावलं होतं की या टोकावर जोर टाकायचा नाही. कातडी फाटली आणि जखम चिघळली, तर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

कारखान्याचा फुटबॉल संघ होता. टाइम ऑफिसातले भाऊसो तो चालवायचे. स्वतः कधी फारसे खेळले नव्हते, पण संघासाठी जीव टाकायचे. ड्यूटी संपली की केरू गोलच्या मागे जाऊन उभा राहायचा. जाळी फाटकी होती. तिच्यातून सुटलेले बॉल तो अडवायचा आणि हाताने परत फेकायचा. पायाने मारायचा मोह व्हायचा, पण तो आवरायचा.

चौऱ्याहत्तर सालचा गळीत हंगाम संपला आणि कृष्णामाई शील्डचे सामने सुरू झाले. त्याच सुमाराला संघाचा गोलकीपर गुंडा याच्या हातावर उसाच्या गाडीची दांडी पडली आणि दोन बोटं मोडली. दुसरा गोलकीपर नव्हता. भाऊसो डोक्याला हात लावून मैदानाच्या कडेला बसले होते. केरू त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी हुबा राहू का?"

"तू? आरं, तुला पळता येत न्हाई."

"गोलात पळायचं कुठं आसतंय?"

आजूबाजूची पोरं हसली. भाऊसोही हसले, पण नाही म्हणाले नाहीत. सगळ्यांनी आळीपाळीने बॉल मारले. समोर आलेला, डोक्यावरून जाणारा, उजवीकडे घुसणारा, कुठलाही बॉल केरूच्या हातात येऊन बसत होता. हसू थांबलं. मग कुणीतरी डावीकडे मारला आणि केरू जागच्या जागी कोसळला. बॉल सरळ आत. पुन्हा डावीकडे, पुन्हा आत. डावीकडे झेपावायचं तर डाव्याच पायाने जमीन रेटावी लागते, आणि रेटायला तिथे पाय नव्हता.

ज्ञानू नावाचा थोराड बॅक हे सगळं निरखत होता. तो म्हणाला, "ह्याची डावी बाजू मेलीय."

तेव्हा केरूने बूट काढून पाय दाखवला. पोरं वाकून बघू लागली. मग भाऊसो ज्ञानूकडे वळले.

"डावी बाजू तू राखायची."

ज्ञानूने ती राखली. उपांत्यपूर्व सामन्यात तो केरूच्या डाव्या खांबाला गोचिडासारखा चिकटून राहिला आणि लोणंदच्या संघाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. साताऱ्यात उपांत्य सामना झाला, तिथेही तेच. बाहेरच्या कुणाला ही गोष्ट सांगायची नाही, असं संघात ठरलं होतं. अंजनालाही केरूने अर्धंच सांगितलं होतं. गोलात नुसतं उभं राहायचं असतं, असं तो म्हणाला होता. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि बुटात कोंबायच्या चिंध्या पाण्यात टाकून स्वच्छ धुवून ठेवल्या.

अंतिम सामना सांगलीत होता, तिथल्या सूतगिरणीच्या संघाशी.

मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं उभी होती. भिंतीवर, कडुलिंबाच्या झाडांवर, लॉरीच्या टपावर, सगळीकडे. सगळी गिरणीची. फलटणकरांच्या वाट्याला एका कोपऱ्यातली थोडी जागा आली होती. केरू बुटाची नाडी आवळत बसला होता. तेवढ्यात समोर कोणाचे तरी पाय येऊन थांबले. त्याने वर पाहिलं.

जालिंदर उभा होता. तोही फौज सोडून आलेला, अंगात गिरणीची निळी बनियन. आधी त्याला हसू फुटलं, मग केरूच्या मांडीवरचे गोलकीपरचे हातमोजे दिसले आणि हसू विरलं.

"तू गोलात?"

"व्हय."

"त्या पायावर?"

"दुसरा कुठून आणू?"

जालिंदर खाली बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "येडा झालास काय रं? डॉक्टर काय म्हणालं हुतं, ते कंपनीत समद्यांना ठावं हुतं."

"तवा तुला सगळं ठावं हाय," केरू म्हणाला. "कुणाला सांगू नगंस, आसं मी म्हणणार न्हाई. तुझा संघ हाय. तुला जे करायचं ते कर."

तेवढ्यात गिरणीच्या कप्तानाने, बाळासोने, हाक मारली. जालिंदर उठून गेला. केरूने नाडीची गाठ पुन्हा बांधली. या मैदानावर त्याचा पाय पुरता ठाऊक असलेला समोरच्या संघातला एकच माणूस होता, आणि तो त्यांचा सगळ्यात चांगला गोल मारणारा होता.

सामना सुरू झाला. गिरणीवाले सांडासारखे तुटून पडले, पण पहिला गोल झाला तो फलटणचा. त्यांचा बॅक घसरला आणि मोकळा बॉल मिळाला. मैदान गप्प झालं. थोड्याच वेळाने कॉर्नरवरून ज्ञानूने डोक्याने दुसरा घातला. मग मात्र गिरणीने फलटणला आपल्या अर्ध्यातून बाहेरच पडू दिलं नाही. बॉल पुन्हा पुन्हा जालिंदरकडे येत होता आणि जालिंदर पुन्हा पुन्हा मारत होता. केरू अडवत होता.

एकदा ज्ञानू पार दूर अडकलेला असताना जालिंदर एकटाच समोर आला. डावीकडे अर्धा गोल मोकळा होता. जालिंदरने बॉल उजवीकडे मारला, हातात दिल्यासारखा.

लोक ओरडले, "काय नेम रं ह्याचा!"

केरूने बॉल छातीशी धरला आणि जालिंदरकडे पाहिलं. जालिंदरने मान दुसरीकडे वळवली. तेव्हा केरूच्या ध्यानात आलं की आजवरचा त्याचा प्रत्येक बॉल उजवीकडे किंवा समोर आला होता. एकही डावीकडे नव्हता.

हाफ-टाइमला सगळे लिंबं चोखत बसले. भाऊसोंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. केरू मात्र उठला आणि लंगडत मैदानाच्या पलीकडच्या नळाकडे गेला. जालिंदर तिथे तोंडावर पाणी मारत होता.

"उजवीकडं का मारतोस?"

"जिकडं जातोय तिकडं मारतोय."

"मला शिकवू नगंस. तुझा बॉल मी तीन वर्षं बघितलाय."

जालिंदरने तोंड पुसलं. "मग काय करू? तुझ्या मेलेल्या बाजूला मारू? तू उडी घेशील, कातडी फाटंल, आन् पाय जाईल. त्यापायी आणला का तुला त्या रानातनं?"

"आणलास त्याचं उपकार जल्मभर हायेत," केरू म्हणाला. त्याचा आवाज चढला. "पर हितं तू माझ्यावर दया करतोयस. माझी पोरं जिंकली तरी मला वाटंल, तू जिंकू दिलंस. डावीकडं मार. मी अडवीन न्हाईतर न्हाई. पर खेळ!"

बोलून झाल्यावर त्याला दिसलं की नळाच्या पलीकडे बाळासो ओंजळीत पाणी धरून उभा आहे. ओंजळीतलं पाणी गळून गेलं तरी तो हलला नाही.

"डावी बाजू," बाळासो हळूच म्हणाला. मग जालिंदरकडे वळला. "आन् तुला हे म्हाईत हुतं."

जालिंदरने नळ बंद केला.

दुसऱ्या अर्ध्याची शिट्टी झाली आणि पहिलाच बॉल लांबून केरूच्या डावीकडे आला. ज्ञानूने पाय घालून काढला. दुसराही डावीकडे. तिसराही. बाळासो मैदानभर ओरडत होता, "डावीकडं! समदं डावीकडं!" हळूहळू प्रेक्षकांनाही कळलं. हजारो तोंडांतून एकच शब्द येऊ लागला. डावीकडं, डावीकडं, डावीकडं. केरूच्या कानांत दडे बसले. आपण आपल्याच तोंडाने आपलं गुपित फोडलं, ही बोच त्या ओरड्यापेक्षा वाईट होती. मागच्या कोपऱ्यातून भाऊसो काहीतरी सांगत होते, पण ऐकू येत नव्हतं.

ज्ञानू किती ठिकाणी पुरणार? गिरणीने त्याला दोन गडी चिकटवले. त्यांच्यातून सुटेपर्यंत बाळासोने डाव्या खांबाच्या आतून बॉल घातला. केरू उजव्या पायावर वळून, पाठ मोडल्यासारखा पडला. बोटांपासून हातभर अंतरावरून बॉल गेला.

दोनास एक.

ज्ञानू धापा टाकत जवळ आला. "केरू, गड्या, झेप घ्यायला जमंल का थोडी?"

"बघतो," केरू म्हणाला. पण तो स्वतःला ओळखून होता. सुरुंग उडाल्यापासून त्या टोकावर त्याने एकदाही सगळं वजन टाकलं नव्हतं. चालताना नाही, जिना चढताना नाही, झोपेतून दचकून उठतानासुद्धा नाही. पाय आपणहून मागे घेतला जायचा. आताही तो डाव्या बाजूला झेपावत नव्हता, नुसता कलंडत होता.

वेळ पुढे सरकत होती. फलटणची पोरं दमली होती. मिळेल तो बॉल बाहेर फेकत होती आणि पंचांच्या घड्याळाकडे बघत होती. शेवटची काही मिनिटं राहिली असतील. जालिंदर दोन बॅकमधून निसटला आणि गोलसमोर आला. ज्ञानूने मागून पाय घातला. दोघेही धुळीत आपटले.

पंचांनी शिट्टी वाजवून बोट खाली दाखवलं. पेनल्टी.

मैदानात जो गलका झाला त्याने झाडांवरचे कावळे उठले. ज्ञानू गुडघ्यांवर बसून तोंडात माती गेल्यासारखा थुंकत होता. बाळासोने बॉल उचलला, जालिंदरच्या हातात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तूच मारायचा. डावीकडं. आज तू गिरणीचा हायेस का त्याचा, ते कळू दे आमाला."

जालिंदरने बॉल चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला. हाताने फिरवून पुन्हा ठेवला. मग मागे सरकून उभा राहिला आणि पहिल्यांदाच केरूच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. केरूने मान हलवली. एकदाच.

गलका आपोआप थांबला. केरू रेषेवर उभा होता. हात पसरलेले, गुडघे वाकलेले. डावीकडे येणार हे त्याला ठाऊक होतं. जालिंदरला ठाऊक होतं की केरूला ठाऊक आहे. मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बॉल कुठे जाणार यात काही लपलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की केरू तो पाय जमिनीवर रेटणार की नाही. अंजनाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला, खोबरेल लावताना खाली झुकलेला. डॉक्टर आठवला. मग काहीच आठवलं नाही. नुसता समोरचा बॉल राहिला.

जालिंदर धावला. त्याचा उजवा पाय मागे गेला. केरूने आपला डावा पाय जमिनीत रोवला, सगळं अंग त्याच्यावर टाकलं आणि रेटलं.

बुटात काहीतरी फाटलं. कळ थेट डोक्यात शिरली आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. पण अंग हवेत होतं. जालिंदरने बॉल जीव खाऊन मारला होता, खाली, खांबालगत, कुठल्याही गोलकीपरला घाम फुटावा असा. केरूची दोन बोटं त्याला लागली. बॉल वळला, खांबावर आदळला आणि गोलसमोर परत आला. जालिंदर त्याच्यावर धावून जातच होता, तेवढ्यात ज्ञानू कुठून तरी येऊन पोचला आणि त्याने बॉल लाथेसरशी मैदानाबाहेर, लॉरीच्या टपावरच्या माणसांत भिरकावून दिला.

उरलेला वेळ केरू खांबाला धरून उभा राहिला. आणखी एक बॉल आला असता तर त्याला हलता आलं नसतं. पण आला नाही. लांब शिट्टी झाली. फलटणची पोरं ओरडत त्याच्यावर पडली. भाऊसो रडत होते आणि रडताना हसत होते.

त्या घोळक्यात केरूला दुसरा आवाज ऐकू आला.

"फितूर! इकला गेला! दोस्तावर गोल घातला न्हाई!"

गिरणीच्या माणसांनी जालिंदरला गराडा घातला होता. कुणीतरी त्याची बनियन फाडली होती. कुणाच्या तरी हातात खेटर होतं. बाळासोने त्याची मानगूट धरली होती आणि जालिंदर हात खाली सोडून उभा होता. तो अंगही सोडवून घेत नव्हता.

"मला तिकडं न्या," केरू म्हणाला.

"तिकडं नगं," भाऊसो घाबरले. "लोकं खवळल्यात. लॉरीत बसू आन् निघू."

"साहेब, मला तिकडं न्या. न्हाईतर मी रांगत जाईन."

ज्ञानूने एका बाजूने आणि भाऊसोंनी दुसऱ्या बाजूने त्याला धरलं. तिघे गर्दीत शिरले. धक्के बसले, शिव्या आल्या. एक दगड ज्ञानूच्या खांद्याला लागला. पण गोलकीपरच आपल्या अंगावर चालून येतोय हे बघून पुढचे लोक बाजूला झाले. केरू बाळासोसमोर थांबला.

"सोडा त्येला."

"तू मधी पडू नगंस," बाळासो म्हणाला. "पहिल्या अर्ध्यात ह्यानं तुला संबाळलं, हे मी सोताच्या कानानं ऐकलंय."

"खरं हाय. संबाळलं. तवा मी त्येला शिव्या घातल्या, त्येबी तुमी ऐकलंय. आता पेनल्टीचं इचारा."

"त्यात काय इचारायचं? मेलेल्या बाजूचा बॉल तू अडवलास. लंगडा मानूस अडवतोय तो बॉल कसला आसंल?"

केरू खाली मातीत बसला. त्याने नाडी सोडली. बूट ओढताना त्याच्या तोंडून आवाज निघाला आणि जवळच्या दोघांतिघांनी नजर वळवली. चिंध्या लाल होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने त्या बाजूला केल्या. अर्धा पाय उघडा पडला, टोकाला कातडी उकललेली.

"ह्या टोकावर मी अडीच वर्षं जोर टाकला न्हाई," तो म्हणाला. "बॉल हळू आसता, तर कशाला फाडून घेतला आसता? तुमी गोल मारणारं हायसा. तुमीच सांगा."

मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण पुढचे गप्प झाले तसे तेही गप्प झाले. बाळासोने वाकून तो पाय पाहिला. मग त्याचा हात जालिंदरच्या मानेवरून निघाला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून केरूच्या पायाजवळ टाकला.

"बांधा ते," तो म्हणाला आणि आपल्या माणसांकडे वळून ओरडला, "बघता काय? टांगा आणा! मिरजंला न्या ह्येला!"

जाता जाता तो जालिंदरजवळ थांबला. त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "सोमवारी सकाळी सराव हाय. उशीर करू नगंस."

टांग्यात जालिंदर केरूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शील्ड भाऊसोंच्या मांडीवर होती. सांगली-मिरज रस्त्यावर घोडा दुडकत होता आणि प्रत्येक हिसक्याला केरू दात आवळत होता. अर्ध्या रस्त्यात जालिंदरने विचारलं, "लय दुखतंय?"

"लय."

"गाढवा," जालिंदर म्हणाला आणि त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली.

मिरजेच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि शिव्याही घातल्या. पण दोन दिवसांत जखम चिघळली. आठवडाभर ताप होता. घोट्यापर्यंत सूज चढली तेव्हा डॉक्टरांनी अंजनाला बाजूला घेऊन विचारलं, पाय काढायची तयारी आहे का. ती म्हणाली, आणखी दोन दिवस बघा. ते दोन दिवस ती खाटेजवळून उठली नाही. केरूशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सूज ओसरली. डॉक्टर म्हणाले, राहील.

ते निघून गेल्यावर अंजना खाटेच्या कडेला बसली.

"गोलात नुसतं हुबं राहायचं आसतंय," ती म्हणाली.

केरूने चादर पायावर ओढून घेतली.

"आता पुन्यांदा खेळणार का?"

"तू नगं म्हणालीस तर न्हाई."

अंजनाने खिडकीबाहेर नजर टाकली. खाली रस्त्यावर कुणीतरी तिला हात करत होतं. जालिंदर होता. हातात डबा, बरोबर ज्ञानू आणि आणखी दोघंचौघं. तिने पदर सावरला आणि उठता उठता म्हणाली, "ती मानसं आल्यात. आधी काईतरी खाऊन घ्या."